मुत्सद्द्यांचा पट

बुद्धिबळाचा डाव तुम्हांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. दोन खेळाडू समोरासमोर बसतात आणि एक शब्दही न बोलता तासन्‌तास खेळत राहतात. तेथे मित्र कोण आणि शत्रू कोण, हा प्रश्नच उद्भवत नाही. समोर बसला तो प्रतिपक्षी. परंतु पटाभोवती दोघांऐवजी सात जण बसले, आणि त्यांना आपापसांत हवे ते बोलण्याची मोकळीक असली, तर काय होईल? अशाच एका खेळाची माहिती आज आपण करून घेणार आहोत.

ह्या खेळाचे नाव ‘डिप्लोमसी’, म्हणजेच मुत्सद्देगिरी. अमेरिकेतील ॲलन कॅल्हॅमर ह्यांनी तो 1954 साली तयार केला. विद्यार्थिदशेत त्यांनी युरोपच्या इतिहासाचा अभ्यास केला होता. पहिले महायुद्ध कोणत्या कारणांनी भडकले, राष्ट्रे एकमेकांशी तह कसे करीत व ते कसे मोडीत, ह्याचा विचार त्यांच्या मनात सतत चाले. त्यातूनच हा खेळ जन्मास आला. प्रकाशकांनी तो नाकारला, तेव्हा 1959 साली त्यांनी स्वतःच्या खर्चाने त्याचे पाचशे संच काढले. पुढे हा खेळ जगभर पसरला. 1963 पासून तर लोक तो टपालाने, पत्रे पाठवूनही खेळू लागले.

खेळाचा पट म्हणजे 1901 सालच्या युरोपचा नकाशा होय. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया आणि तुर्कस्तान ही सात राष्ट्रे सात खेळाडूंकडे असतात. सोंगट्या दोनच प्रकारच्या: जमिनीवरील सैन्य आणि समुद्रावरील आरमार. रशियाला आरंभी चार सोंगट्या मिळतात, इतरांना तीन-तीन. नकाशावर रसदीची 34 ठाणी आहेत. जितकी ठाणी हाती, तितक्याच सोंगट्या बाळगता येतात. ज्याच्या हाती 18 ठाणी येतात, तो जिंकतो.

ह्या खेळात फासे नाहीत. म्हणून दैवाला बोल लावण्याची सोय नाही. प्रत्येक चालीपूर्वी खेळाडू एकमेकांना बाजूला घेऊन खलबते करतात. नंतर प्रत्येक जण आपले हुकूम गुप्तपणे कागदावर लिहितो, आणि सर्वांचे कागद एकाच वेळी उघडले जातात. कोणी कोणाला काय वचन दिले होते, ते नियम विचारीत नाहीत. कागदावर लिहिले असेल तेच घडते.

आता एक उदाहरण घेऊ. बेल्जियममध्ये जर्मनीचे एक सैन्य आहे. फ्रान्सचे एक सैन्य शेजारच्या बर्गंडीतून त्यावर चालून जाते. सर्व सोंगट्यांचे बळ सारखेच. म्हणून एकास एक अशी गाठ पडते व हल्ला फसतो. परंतु उत्तर समुद्रात इंग्लंडचे आरमार उभे आहे. त्याने फ्रान्सला पाठबळ दिले, तर एकाविरुद्ध दोन होऊन बेल्जियम पडते. म्हणजे लढाई फ्रान्स व जर्मनी ह्यांची, पण निकाल इंग्लंडच्या कागदावर! ह्या पटावर एकट्याच्या बळावर फार पुढे जाता येत नाही, आणि ज्याच्याविना चालत नाही त्याच्यावर पूर्ण विसंबताही येत नाही. सारी कसोटी आहे ती येथेच.

मग कुशल खेळाडू काय करतो? पहिली गोष्ट ही, की तो सर्वांशी बोलतो. केवळ शेजाऱ्यांशी नव्हे, तर दूरच्यांशीही. इंग्लंड आणि तुर्कस्तान पटाच्या दोन टोकांना आहेत. पण रशियाचा बेत काय आहे, हे दोघांनाही कळून घ्यायचे असते. ज्याच्याशी कोणी बोलत नाही, त्याच्या विरुद्धच बहुधा सर्वांचा कट शिजतो.

दुसरी गोष्ट, तो करार मोघम ठेवीत नाही. ‘आपण मित्र राहू’ एवढे म्हणून भागत नाही. कोणते ठाणे कोणाचे, कोणत्या चालीत कोणी कोणास पाठबळ द्यायचे, हे तो स्पष्ट ठरवितो. शिवाय आपल्याइतकाच दुसऱ्याचाही लाभ त्यात आहे ना, हे तो पाहतो. एकाच्याच फायद्याचा तह फार दिवस टिकत नाही.

तिसरी गोष्ट, तो दुसऱ्याला मोहात पाडीत नाही. रशियाचे आरमार सेवास्तोपोल येथे आणि तुर्कस्तानचे अंकारा येथे असते. मध्ये काळा समुद्र. तो कोणीच घ्यायचा नाही, असे दोघे ठरवितात. पण विश्वास कसा ठेवावा? अशा वेळी दोघेही संगनमताने तेथे जाण्याचाच हुकूम लिहितात. बळ सारखे असल्यामुळे दोन्ही आरमारे जागच्या जागी राहतात व समुद्र मोकळा राहतो. येथे शब्द पाळण्यातच प्रत्येकाची सुरक्षितता असते. ज्याने आपली पाठ उघडी टाकली, त्याने दगा झाल्यावर केवळ मित्राला दोष देऊ नये.

चौथी गोष्ट, तो तोल सांभाळतो. इटलीचे व्हेनिस आणि ऑस्ट्रियाचे त्रिएस्ते ही ठाणी एकमेकांना अगदी लागून आहेत. भीतीपोटी हे दोघे आरंभीच लढू लागले, तर दोघेही खंगतात आणि लाभ रशिया व तुर्कस्तान ह्यांचा होतो. तसेच एखादा खेळाडू फार झपाट्याने वाढू लागला, की कालचे वैरीही त्याच्या विरुद्ध एकत्र येतात. एकच सोंगटी उरलेल्या खेळाडूलाही म्हणून तुच्छ लेखू नये; त्याच्याच पाठबळाने एखादे ठाणे तरते किंवा पडते.

येथे तुम्ही विचाराल, ‘मग ह्या खेळात दगा देणाराच जिंकतो काय?’ दगा देण्यास नियमांची आडकाठी नाही, हे खरे. पण एकदा शब्द मोडला, की उरलेले सर्व जण ते पाहतात. पुढच्या चालीत त्यालाच मदत मागायची असते. तेव्हा त्याच्या शब्दाला किंमत कोण देणार? म्हणून एका ठाण्याच्या लोभाने वचन मोडणारा पुष्कळदा ते ठाणे मिळवितो आणि डाव गमावतो.

ह्या खेळाचे मर्म एका यंत्राच्या गोष्टीवरूनही ध्यानी येते. बुद्धिबळात संगणकाने 1997 साली जगज्जेत्या कास्पारोव्ह ह्यांना हरविले. परंतु माणसांशी बोलून, त्यांचे मन वळवून हा खेळ चांगला खेळणारा ‘सिसेरो’ नावाचा संगणकीय कार्यक्रम त्यानंतर पंचवीस वर्षांनी, 2022 साली लोकांपुढे आला. नुसत्या चाली मोजणे यंत्राला लवकर साधले; दुसऱ्याच्या मनात काय आहे हे ओळखून त्याच्याशी बोलणे मात्र फार अवघड ठरले.

पट गुंडाळला, की खेळातील तह आणि दगे तेथेच संपतात. सुज्ञ खेळाडू त्यांचा राग मनात धरीत नाही. पण खेळात जे क्षम्य, ते जीवनात क्षम्य नसते. आपले सोबती, शेजारी व आप्त ह्यांच्याशी आपल्याला रोज नव्याने वागावयाचे असते. तेथे दिलेला शब्द मोडला, तर नवा डाव मांडता येत नाही.

स्वाध्याय

1. बुद्धिबळ व हा खेळ ह्यांत कोणता मुख्य फरक आहे?
2. बेल्जियमच्या उदाहरणात निकाल इंग्लंडच्या हाती का होता?
3. काळ्या समुद्राविषयी रशिया व तुर्कस्तान कोणती युक्ती योजतात? रशियाने ऐन वेळी हुकूम लिहिलाच नाही, तर काय होईल?
4. ‘एकाच्याच फायद्याचा तह फार दिवस टिकत नाही.’ ह्या विधानास इतिहासातील किंवा आपल्या अनुभवातील एक उदाहरण द्या.
5. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा: खलबत करणे, पाठबळ देणे, तोल सांभाळणे, दैवाला बोल लावणे.