पानाची मांडणी आणि अक्षरांची शिस्त

सूचना, हस्तलिखित किंवा भित्तिपत्रक सजवावयास घेतले की आपला हात प्रथम रंगपेटीकडे जातो. चहूंकडे वेलबुट्टी, मधोमध कमळ, चार वळणांची अक्षरे. आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाची अखेरची तारीख मात्र कोपऱ्यात बारीक! अशा सूचनेचे सर्वजण कौतुक करतात. पण ज्याला शिष्यवृत्तीची खरी गरज, त्याचाच अर्ज राहून जातो. मांडणी म्हणजे सजावट नव्हे, वाचणाऱ्याची सोय होय. आमच्या मते या कलेचा हा पहिला धडा आहे.

मांडणीचा आरंभ लेखणी उचलण्यापूर्वीच होतो. वाचकाने प्रथम काय पाहावे, नंतर काय, हे आधी ठरवावे. वरील सूचनेत शिष्यवृत्तीचे नाव पहिले, तारीख दुसरी, तपशील तिसरा. त्याच क्रमाने अक्षरांचा आकार व जाडी उतरती ठेवावी. रोमन लिपीत मोठी व लहान अशी अक्षरांची दोन रूपे आहेत. देवनागरीत ती नाहीत. म्हणून आकार, जाडी आणि मोकळी जागा यांवरच आपली मुख्य भिस्त असते.

दुसरा धडा ओळींतील अंतराचा. आपल्या अक्षरांच्या शिरोरेषेवर मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार बसतात. खाली उकार लोंबतात. ओळी दाटीने लिहिल्यास वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. संगणकावर अक्षर १२ पॉइंटांचे असेल, तर एका ओळीपासून दुसरीपर्यंत सुमारे १८ पॉइंट ठेवून पाहावे. ओळही फार लांब नसावी. दहाबारा शब्द पुरेत, नाहीतर परतताना डोळा वाट चुकतो.

तिसरा धडा समासाचा. कोरी जागा वाया जात नाही. तिच्यामुळेच मजकूर उठून दिसतो. दोन परिच्छेदांतील अंतर दोन ओळींतील अंतराहून अधिक असावे, आणि मथळा ज्या मजकुराचा, त्याच्याच जवळ असावा. अक्षरवळणे दोन पुरेत: एक मथळ्यास, एक मजकुरास. लांब मजकूर मध्यभागी न मांडता डाव्या कडेने एका रेषेत धरावा.

या अक्षरांमागे मोठे कष्ट आहेत. गोव्यात छापखाना १५५६ साली आला. तरी फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन लिपीतच छापले गेले. पुढे मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर १८३१ साली पंचांग छापले. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने, जो १८६९ साली निघाला, सुबक खिळ्यांचा लौकिक मिळवला. आपल्या काळात र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी ‘मंगल’ हे अक्षरवळण घडवले. जी अक्षरे छापून मिळण्यास पिढ्या खपल्या, ती आज आपल्या बोटांखाली आहेत. ती दाटीवाटीने कोंबणे आपणांस शोभत नाही.

आता एक अभ्यास सांगतो. एकच मजकूर तीन कागदांवर तीन प्रकारे मांडा. रंग वापरू नका. केवळ आकार, जाडी व जागा बदला. मग तिन्ही कागद घरातील आजीआजोबांपुढे हातभर अंतरावर धरा. ज्या कागदावरची तारीख ते चष्मा न शोधता सांगतील, तो कागद उत्तीर्ण!