कुत्र्याचं औषध मांजरीला नकोच

प्रश्न : पिसवा झाल्या म्हणून तीन महिन्यांच्या मांजराच्या पिल्लाला कुत्र्याच्या औषधाचे दोन थेंब लावले. रात्री ते थरथरू लागलं. डॉक्टरांनी वाचवलं. असं का झालं? – एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : पिल्लू वाचलं, फार बरं वाटलं. कुत्र्यांच्या पिसवांवरच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. ते निकामी करण्याची मांजरीच्या यकृताची ताकद फारच तोकडी, म्हणून लाळ, थरथर आणि झटके सुरू होतात. कधी काही तासांत, कधी दोन-तीन दिवसांनीही. ‘थोडंसंच लावलं’ हा हिशेब इथे चालत नाही. असं घडलं तर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विड सोपने अंग धुवा, कोरडं करा आणि दवाखाना गाठा. झटके येत असतील तर आंघोळीत वेळ घालवू नका.

पिसवांसाठी मांजरींचे वेगळे, फिप्रोनिल या औषधाचे थेंब साधारण आठ आठवड्यांनंतर, वजन पाहूनच द्यावेत. ते चाटल्यास लाळ गळते, लावलेल्या जागी खाज येऊ शकते; हे बहुधा ओसरतं. आठ आठवड्यांहून लहान पिल्लाला बारीक दातांची फणीच बरी. आणि कुत्र्याला परमेथ्रिन लावलं असेल तर ते पूर्ण सुकेपर्यंत पिल्लाला त्याच्या कुशीत झोपू देऊ नका.