आई लांबच्या सायकल सहलीला निघते तेव्हा

लांब पल्ल्याची सायकल सहल म्हणजे तरुण पोरांचे काम, असे आपण धरून चालतो. पण आमच्याकडे सल्ल्याला आलेल्या एका ताईंना लेकीच्या ग्रुपबरोबर मुंबईहून पुण्याला सायकलने जायचे आहे. वय 42, चार घरची धुणीभांडी करतात, कामाला सायकलनेच जातात. त्यांचा प्रश्न सरळ होता : "दिवसभर अंग मोडून कामच करते, मग मला वेगळा सराव कशाला?"

हा समज आपल्या घराघरांत आहे, म्हणून त्याविषयी आधी बोलू. कष्टाने अंग काटक होते हे खरे. पण भांडी घासताना कंबर आणि मनगटे दमतात. सायकलवर चार-पाच तास पाय फिरवायला हृदय, फुप्फुसे आणि मांड्यांना निराळी सवय लागते. शिवाय स्नायू बळकट होतो तो नंतरच्या विश्रांतीत, तेही पोटात पुरेसे अन्न असेल तर. जिला विश्रांतीच नाही तिच्यासाठी सराव म्हणजे कष्टावर आणखी कष्ट.

म्हणून सायकलच्या आधी रक्त तपासा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरले ते खाणारी आई यात असणारच. बाईचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली, पुरुषाचे 13 च्या खाली असेल तर ते कमी समजावे. रक्त कमी असले की स्नायूंना प्राणवायू पुरत नाही, थोड्या चढावरही धाप लागते, छाती धडधडते. या ताईंचे साडेनऊ निघाले. "दमायला होते ते कामाने," असे त्या वर्षानुवर्षे समजत होत्या. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या चहाबरोबर घेऊ नका. चहामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबू किंवा आवळा सोबत असेल तर जास्त लागते. रक्त भरून यायला दोन-तीन महिने जातात, तेव्हा सहलीची तारीख त्या हिशेबाने ठरवा.

तिशीपुढच्या सर्वांनी बीपी आणि शुगरही पाहून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत असते. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर सायकल चालवताना एकदम उतरू शकते. हात थरथरले, थंड घाम आला, बोलताना गोंधळ व्हायला लागला तर लगेच थांबून साखर खावी. मात्र सहलीसाठी गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

आता सराव. मुंबई-पुणे जुन्या महामार्गाने अंतर सुमारे 150 किलोमीटर. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे. चाळिशीत पहिल्यांदाच निघणाऱ्याने हे अंतर दोन दिवसांत करावे. साधारण निम्म्या वाटेवर खोपोली येते, तिथे मुक्काम आणि सकाळच्या गारव्यात बोरघाट. घाटात उतरून सायकल ढकलत नेली तर कमीपणा नाही, गिअर नसलेल्या सायकलला तर तो शहाणपणाच आहे.

आठवड्यातून तीनच दिवस चालवा. दोन दिवस अर्धा-पाऊण तास, आणि सुटीच्या दिवशी लांबची फेरी. ही फेरी 20 किलोमीटरपासून सुरू करून दर आठवड्याला साधारण दहावा हिस्सा वाढवा. तीन आठवडे वाढ, चौथ्या आठवड्यात कमी. अशा सोळा आठवड्यांत तुम्ही साठच्या आसपास पोचता, आणि तेवढे पुरते. वेग किती असावा? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर हळू करा.

गुडघे दुखले की लोक आधी मलम चोळतात. त्याआधी सीट पाहा. पायडल सर्वात खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय सरळ झाला पाहिजे. सीट खूप खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो, खूप वर असेल तर मागून. दुकानदाराला पाना मागा, पाच मिनिटांचे काम आहे.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट आम्ही वारंवार पाहतो. वाटेत संडास मिळणार नाही म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. मग उन्हाने चक्कर येते, लघवीला जळजळ होते. पाणी तोडू नका, थांबे ठरवा. पेट्रोल पंपावर आणि मोठ्या हॉटेलात विचारायला लाजू नका. घाम फार जात असेल तर नुसते पाणीही पुरत नाही. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा घ्या. दर तासाला केळे, चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू खा. निघताना पोहे-भाकरी पोटात हवीच. पाळीच्या दिवसांत सायकल चालवायला हरकत नाही, पॅड वेळेवर बदला. जाड शिवणीची चड्डी घालू नका, जांघ सोलते. आणि ओढणी, पदर, सैल पायजमा यांपैकी काहीही चाकाजवळ नको.

घरच्यांचे काम राहिले. लांबच्या फेरीनंतर आई पुन्हा नळावर उभी राहणार असेल तर सराव उलटा अंगावर येतो. त्या दिवशी पाणी भरणे, स्वयंपाक आणि धुणे नवऱ्याने आणि मुलांनी करायचे. आम्ही त्या ताईंच्या घरी जाऊन हे सांगितले. मुलगा कुरकुरला, पण आता हंडे तोच भरतो. झोप सात तास हवी. रात्री बारापर्यंत टीव्ही आणि पहाटे पाचला सायकल, असे चालणार नाही.

हेल्मेट, मागे लाल दिवा, पुढे पांढरा दिवा याशिवाय महामार्गावर जाऊ नये. एकटीने तर नाहीच. छातीत दाबल्यासारखे वाटले, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात गेले, तर गॅस समजून पुढे जाऊ नका. सावलीत बसा आणि 108 ला फोन करा. उन्हात अंग तापून माणूस बडबडायला लागला तर 108 ला कळवून गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.