मूलपेशींची वाढ आणि सीरमचे कार्य

मूलपेशींच्या उपचारासाठी शेत विकावे काय, असा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक आमच्या कार्यालयात अधूनमधून विचारतात. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने वैद्यकीय सल्ला देण्याचा त्यास अधिकार नाही. तथापि या पेशी प्रयोगशाळेत कशा वाढवितात हे ठाऊक असल्यास डॉक्टरांना नेमके विचारता येते, म्हणून हे टिपण.

रक्त गोठल्यानंतर सुटणारा पिवळसर द्रव म्हणजे सीरम. रक्त गोठताना प्लेटलेटमधील वृद्धिघटक त्यात उतरतात. धमनीच्या स्नायुपेशी सीरममध्ये झपाट्याने वाढतात, प्लेटलेटविरहित प्लाझ्मापासून केलेल्या द्रवात मात्र फारशा वाढत नाहीत, हे 1974 मध्ये सिद्ध झाले.

अस्थिमज्जेतून वा नाळेतून घेतलेल्या मूलपेशींच्या पोषणद्रवात साधारणतः 10 टक्के गोवंशीय गर्भाचे सीरम घालण्याची पद्धत रूढ आहे. त्यामुळे पेशी भांड्याच्या तळास चिकटतात व विभागतात. परंतु सीरमची प्रत्येक खेप सारखी नसते. शिवाय प्राण्यांची प्रथिने व संसर्ग रुग्णापर्यंत पोहोचण्याचा धोका राहतो. मानवी भ्रूणीय मूलपेशी तर सीरममुळे आपले मूळ रूप सोडून अन्य पेशींत परिवर्तित होऊ लागतात. हिशेबाच्या भाषेत, संख्या वाढली म्हणून मालाचा दर्जा राखला गेला असे होत नाही.

यावर एक पर्याय रक्तपेढीतूनच मिळाला. दात्यांच्या प्लेटलेट साधारणतः 5 दिवसच टिकतात. मुदत संपलेल्या प्लेटलेट गोठवून व वितळवून काढलेला अर्क अनेक प्रयोगशाळांत गोवंशीय सीरमऐवजी वापरला जातो. आपल्या राज्यात पुणे येथील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पेशीसंवर्धन व मूलपेशी या विषयांवर संशोधन चालते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ठरावीक आजारांतील रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण हाच मान्य उपचार होय. त्यात पेशी सहसा प्रयोगशाळेत वाढविल्या जात नाहीत. मूलपेशींचा अन्य वापर केवळ मंजूर चाचणीत व्हावा, असे ही तत्त्वे सांगतात.

तेव्हा शेत विकण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. पेशी कोणत्या द्रवात वाढविल्या? चाचणीची अधिकृत नोंद कोठे आहे? चाचणी असेल तर तिचा खर्च रुग्णाकडून का घेतला जात आहे? समाधानकारक उत्तर न मिळाल्यास सही करू नये व पैसे भरू नयेत, एवढीच नम्र विनंती.