फिरतीतलं शिक्षण

जून २०१५मध्ये मी मुंबईतल्या एका कंपनीत मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून रुजू झाले. साबण, कपडे धुण्याची पावडर, भांड्यांची वडी असा घरोघरी लागणारा माल ती बनवायची. दीड वर्षात जनसंपर्क, ब्रँड, विक्री, माध्यमं आणि ट्रेड मार्केटिंग अशा पाच खात्यांत फिरायचं आणि मग पक्की नेमणूक घ्यायची, अशी ती योजना होती. आपल्याकडे ही पद्धत जुनी आहे. हिंदुस्तान लीव्हरने १९७६पासून आपल्या ट्रेनींना उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्यात, थेट खेड्यांत राहायला पाठवायला सुरुवात केली होती.

आता दरवर्षी नवे ट्रेनी माझ्या खात्यात येतात आणि विचारतात, या फिरतीतून नेमकं काय मिळवायचं? त्यांना मी जे सांगते ते इथे लिहिते आहे. आपण फिरतो, पण कामाची खरी जाण जागेवर राहिलेल्या माणसांकडे असते. वर्षानुवर्षं एकच बीट, म्हणजे ठरलेल्या दुकानांची फेरी, करणारा सेल्समन, एकच टेबल सांभाळून लेबलं तपासणारी बाई, हेल्पलाइनवर बसणारा मुलगा. त्यांना जे ठाऊक आहे ते समजून घ्यावं आणि पुढच्या खात्यात पोचवावं. ट्रेनीशिवाय कंपनीत हे काम करणारं दुसरं कोणी नसतं.

१. जनसंपर्कात आधी घरातला प्रश्न ओळखा.

माझी पहिली नेमणूक जनसंपर्क खात्यात झाली आणि त्याच आठवड्यात देशभर मॅगीचा विषय पेटला. ५ जूनला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मॅगीचे नऊ प्रकार बाजारातून काढून घ्यायला सांगितलं. शिसं मर्यादेपेक्षा जास्त आणि पाकिटावरचा एमएसजीविषयीचा मजकूर दिशाभूल करणारा, असे आक्षेप होते. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द करून तीन प्रयोगशाळांत नव्याने चाचण्या करायला सांगितल्या आणि नोव्हेंबरात मॅगी पुन्हा दुकानांत आली. आमचा त्या मालाशी संबंध नव्हता, पण आमच्या खात्यात रोज त्याचीच चर्चा चाले. उद्या आपल्यावर अशी वेळ आली तर आपण काय करू?

आमच्या प्रमुख मॅडम २००३च्या ऑक्टोबरातलं कॅडबरीचं प्रकरण सांगायच्या. महाराष्ट्रात चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या होत्या. दोष साठवणुकीचा की वेष्टनाचा, यावर सुरुवातीला कंपनी आणि राज्याचं अन्न व औषध प्रशासन यांच्यात वाद झाला. पुढे कंपनीने वेष्टनच बदललं आणि २००४मध्ये अमिताभ बच्चन यांनी जाहिरातीतून ते लोकांना सांगितलं. मॅडमचं म्हणणं असं की चूक कोणाची हा प्रश्न कंपनीला पडतो. घरातल्या बाईला एवढंच विचारायचं असतं की माझ्या फडताळात ठेवलेल्या पाकिटाचं मी आता काय करू? पत्रकाच्या पहिल्या वाक्यात याचं उत्तर हवं. त्या पावसाळ्यात आम्ही आमच्या प्रत्येक मालासाठी अशी प्रश्नोत्तरं तयार केली आणि त्यासाठी मी हेल्पलाइनवरच्या मुलांशेजारी बसून फोन ऐकले. लोक खरोखर काय विचारतात हे त्या मुलांना तोंडपाठ होतं, पण तोवर त्यांना कोणी विचारायला गेलं नव्हतं.

२. ब्रँड खात्यात पाकिटाची मागची बाजू वाचा.

बाहेरून हे खातं सगळ्यांत झगमगीत वाटतं. जाहिरातीचं चित्रीकरण वर्षातून थोडे दिवस चालतं. बाकीचा काळ वजन, किंमत, लेबल आणि पुरावे यांत जातो. कमाल किरकोळ किंमत, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, तक्रारीसाठी पत्ता व फोन हे सगळं २०११च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे पाकिटावर असावंच लागतं. ‘अधिक शुभ्र’ म्हणायचं असेल तर कशापेक्षा अधिक, हे दाखवणारा चाचणीचा कागद फाइलमध्ये लागतो. प्रतिस्पर्ध्याने जाहिरात मानक परिषदेकडे, म्हणजे ॲस्कीकडे, तक्रार केली तर तोच कागद पुढे करावा लागतो. लेबलं तपासणाऱ्या बाई एकेक शब्द पेन्सिलीने अडवायच्या. नव्या मुलांना त्यांचा कंटाळा यायचा, मला मात्र त्यांच्याबद्दल फार आदर वाटू लागला. गिऱ्हाइकाला दिलेला शब्द खरा असावा यासाठी अख्ख्या इमारतीत सर्वांत जास्त झटणाऱ्या त्याच होत्या.

पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांचं गणितही इथेच कळलं. कच्चा माल महागला तरी पुडीची किंमत हलवता येत नाही, कारण सुट्या नाण्याचा हिशेब बिघडतो. म्हणून वजन कमी होतं. कायद्याने ते पाकिटावर छापलेलं असतंच. पण ‘पुडी हलकी का झाली’ हा प्रश्न गिऱ्हाईक विचारतं दुकानदाराला, आणि दुकानदाराला उत्तर देणारी एकही ओळ आमच्या फाइलमध्ये नसे.

३. विक्रीत सेल्समनच्या मागे चाला आणि बघत राहा.

२०१६च्या जानेवारीत मला लातूरला पाठवलं. माझ्यासाठी दीड वर्षातला हा सर्वांत मोलाचा काळ. डिस्ट्रिब्यूटरकडे एक वयस्क सेल्समन होते, बाजारात सगळे त्यांना मामा म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी मला ‘मॅडम’ म्हटलं, आठवडाभराने ‘ताई’.

दिवसाला पस्तीस-चाळीस दुकानं व्हायची. मामा दुकानात शिरल्या शिरल्या ऑर्डर कधीच विचारत नसत. आधी मुदत संपलेला माल आणि फुटलेली पाकिटं बाजूला काढायची, ती परत घ्यायची नोंद करायची. मग शाम्पूच्या पुड्यांची माळ सरळ करून समोर टांगायची. मग घरच्यांची चौकशी. त्यानंतर दुकानदार आपणच सांगे, अमुक दोन डझन टाका. कोणाची उधारी कधी निघते, कोणाच्या गल्लीत लग्नं आहेत, कोणाचा ऊस कारखान्याला गेला पण पैसे यायचे आहेत, हे सगळं त्यांच्या डोक्यात असे. मुंबईतल्या कुठल्याही अहवालात यातलं काही नव्हतं.

त्या वर्षी लातूरला पाणी नव्हतं. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाणीगाडी आली, दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. आमच्या पावडरची सगळी जाहिरात तेव्हा फेसावर उभी होती. बाजारात प्रात्यक्षिक करणाऱ्या मुली बादलीत हात घालून भरभरून फेस दाखवत. दुकानाच्या फळीशी उभ्या असलेल्या बायका मात्र विचारायच्या, ‘एवढा फेस काढायला पाणी किती लागंल?’ फेस जितका जास्त, तितक्या खळबळायच्या बादल्या जास्त. ज्या घरात टँकरच्या पाण्यावर आठवडा काढायचा आहे, तिथे आमचा सर्वांत मोठा गुण हाच दोष ठरत होता. मामांनी हे मला फेब्रुवारीतच सांगितलं होतं.

मी बायकांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून ब्रँड खात्याला पाठवले. तिथल्या मॅनेजरनी ते गांभीर्याने घेतलं. ‘कमी पाण्यात निघते’ असं लगेच म्हणता येत नव्हतं, कारण त्याची चाचणी झालेली नव्हती आणि पेन्सिलवाल्या बाईंनी ते होऊ दिलं नसतं. ते योग्यच होतं. पण मराठवाड्यातल्या प्रात्यक्षिकांतून फेसाचा भाग काढून टाकता येत होता, तो काढला. त्याऐवजी कॉलरचा मळ कसा निघतो ते दाखवायला सुरुवात झाली. प्रयोगशाळेला खळबळण्याच्या पाण्याची चाचणी करायला सांगण्यात आलं. ब्रँडमध्ये मी आधी काम केलं होतं म्हणून हा निरोप कोणाकडे, कशा भाषेत द्यायचा ते मला माहीत होतं. खाती फिरल्याचा उपयोग असा होतो.

४. माध्यमांचे आकडे वाचताना घरातली वीज आठवा.

टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेने ऑक्टोबर २०१५पासून टीव्हीच्या आकड्यांत ग्रामीण घरंही धरायला सुरुवात केली आणि डीडी फ्री डिशवर फुकट दिसणाऱ्या वाहिन्या एकदम वर आल्या. ती घरं टीव्ही आधीही बघत होती, त्यांची मोजदाद मात्र कोणी केली नव्हती. त्याच्याही पलीकडचं उदाहरण बिहार-झारखंडचं. तिथल्या भारनियमनाच्या भागांसाठी हिंदुस्तान युनिलिव्हरने ‘कान खजूरा टेसन’ काढलं होतं. मिस्ड कॉल द्यायचा आणि मोबाइलवर गाणी, विनोद व मधेमधे जाहिराती फुकट ऐकायच्या. माध्यमांच्या टेबलावर बसल्यावर मी प्रत्येक आराखड्यात जिल्ह्याच्या भारनियमनाची वेळ विचारायची. एवढं एक विचारलं तरी पुरे, म्हणून या मुद्द्यावर अधिक लिहीत नाही.

५. फोन नंबर जपून ठेवा आणि काम नसतानाही फोन करा.

ट्रेड मार्केटिंगमध्ये, म्हणजे दुकानदारांच्या योजना आखणाऱ्या खात्यात असताना ८ नोव्हेंबर २०१६ उजाडला. चलनातल्या सुमारे ८६ टक्के रकमेच्या नोटा त्या रात्री बाद झाल्या. आमच्या टेबलावर डिसेंबरची योजना तयार होती. जास्त पेट्या एकदम उचलणाऱ्या दुकानदाराला जास्त सूट. मी मामांना फोन केला. ते म्हणाले, ‘ताई, होलसेलचं शटर अर्धं खाली आहे. छोटा दुकानदार पेटी नाही, चार-चार नग मागतोय. सूट नको, दिवस वाढवून द्या.’ बाकीच्या जिल्ह्यांतल्या सेल्समननीही थोड्याफार फरकाने हेच सांगितलं. योजना बदलली. पेटीची अट गेली, कमी नगांवर सूट आली आणि डिस्ट्रिब्यूटरला उधारीचे दिवस वाढवून मिळाले. विक्रीचे आकडे मुंबईत यायला आणखी पंधरवडा लागला असता. फोनवर उत्तर त्याच दिवशी मिळालं, कारण मधल्या महिन्यांत दिवाळीला, मामांच्या मुलीच्या निकालाला मी फोन करत आले होते.

६. आपल्या कामाचं पुढे काय झालं ते बघायला परत जा.

फिरतीच्या या योजनेतली सर्वांत मोठी उणीव मला इथेच दिसते. ट्रेनी प्रत्येक खात्यातून सादरीकरण करून निघून जातो आणि केलेल्या कामाचा परिणाम दिसायला सुरुवात होते तेव्हा तो दुसरीकडे असतो. विक्रीत याचा धोका फार. कंपनीने डिस्ट्रिब्यूटरला माल दिला की ती प्रायमरी विक्री, डिस्ट्रिब्यूटरकडून दुकानात गेला की सेकंडरी. महिनाअखेरीला टार्गेट भरण्यासाठी डिस्ट्रिब्यूटरच्या गोदामात माल कोंबता येतो. ट्रेनीच्या सादरीकरणात आकडा उंच दिसतो, आणि तीन-चार महिन्यांनी न खपलेला माल परत येतो तेव्हा जबाब मामांना द्यावा लागतो. म्हणून सादरीकरणात सेकंडरीचा आकडा दाखवा आणि वर्षभराने त्या गावी जाऊन गोदाम बघा. मी २०१७च्या उन्हाळ्यात रजा काढून लातूरला गेले. फेसाऐवजी कॉलरचं प्रात्यक्षिक अजून चालू होतं आणि पाणी आल्यावरही बायकांना ते पटत होतं. हे मला कुठल्याही मूल्यमापनात कळलं नसतं.

७. रोज संध्याकाळी लिहा.

माणसांची वाक्यं जशीच्या तशी, त्यांच्या बोलीत. आपल्या टिपणीच्या भाषेत फिरवून लिहिली की त्यांतली माहिती उडून जाते.

या जूनमध्ये जे रुजू होतील त्यांनी पहिल्याच आठवड्यात मनुष्यबळ खात्याकडे एक मागणी नोंदवावी. विक्रीच्या काळात मला दर महिन्याला नवं शहर नको, एकाच तालुक्यात सलग ठेवा, उन्हाळा बघू द्या, सण बघू द्या. आणि माझ्यासारख्या खातं चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे की ट्रेनीचं गुणपत्रक भरताना एक रकाना त्याच्या सेल्समनला द्या. तो काय लिहितो ते आधी वाचा, मग सादरीकरण बघा.