टक्का घरी नेण्याआधी

बोन मॅरो ट्रान्सप्लान्ट पार पडलं की नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो: ‘आता कॅन्सर उलटण्याची शक्यता किती टक्के?’ प्रश्न रास्तच आहे. पण जे उत्तर मिळतं ते जन्मपत्रिकेसारखं जपून ठेवलं जातं, आणि माझा आक्षेप त्याला आहे. अक्यूट ल्युकेमियातला हा आकडा पूर्वीच्या रुग्णांच्या गटावरून निघतो. आजाराचा प्रकार, निदानाच्या वेळचे गुणसूत्रांतले दोष, एफएलटी३सारखे जनुकीय बदल, रेमिशन म्हणजे आजार ओसरणं पहिलं की दुसरं, ट्रान्सप्लान्टपूर्वी सूक्ष्म आजार म्हणजे एमआरडी शिल्लक होता का, या गोष्टींवर तो उभा असतो. या सगळ्या आधीच्या गोष्टी. दात्याच्या पेशी रुजल्यावर पुढे काय घडलं, हे त्या आकड्याला ठाऊक नसतं. आजार उलटतो तो बहुधा पहिल्या दोन वर्षांत; तो काळ निर्धोक गेलेल्या माणसाला पहिल्या दिवसाचा टक्का लागू करणं चूक आहे. कमी धोका सांगितलेल्याने तपासण्या सैल सोडणंही तितकंच चूक.

म्हणून टक्क्यासोबत पुढच्या तपासणीची तारीख विचारावी, आणि त्या तपासणीत काय दिसलं तर उपचार बदलतील, हेही. नुसत्या सीबीसीवर विसंबू नये. रक्तात ब्लास्ट म्हणजे कॅन्सरच्या अपक्व पेशी दिसण्याआधीच एमआरडी पॉझिटिव्ह येऊ शकतो, किंवा चिमेरिझमच्या तपासणीत दात्याच्या पेशींचं प्रमाण घसरू लागतं. उलट प्लेटलेट उतरल्या म्हणजे कॅन्सरच आला असंही नाही. विषाणूसंसर्ग आणि औषधंसुद्धा त्या उतरवतात. एकट्या रिपोर्टपेक्षा लागोपाठच्या रिपोर्टांचा कल महत्त्वाचा, आणि तो कळायला प्रयोगशाळा शक्यतो एकच हवी.

‘लवकर कळून करायचं काय, नुसती धास्ती’ असं म्हणणारे भेटतात. एकेकाळी त्यात तथ्य होतं. १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणींनी टाटा मेमोरियलमध्ये देशातलं पहिलं ट्रान्सप्लान्ट केलं तेव्हा हाताशी फारसं काही नव्हतं. आज आजार थोडा असतानाच प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करता येतात, दात्याच्या लिम्फोसाइट पेशी देता येतात, एफएलटी३मधला बदल असेल तर त्यावरच्या गोळ्या आहेत. बी-पेशींच्या ल्युकेमियासाठी पवईच्या आयआयटीत जन्मलेल्या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये मान्यता मिळाली. मॅरो ब्लास्टने भरल्यावर यांतले बरेच मार्ग अवघड होतात. मात्र दात्याच्या पेशी कॅन्सरशी लढाव्यात म्हणून सायक्लोस्पोरिन स्वतःहून बंद करू नये: त्याच पेशी त्वचा, आतडं आणि यकृतावर उलटतात, आणि त्यानेही माणूस दगावतो. अर्ध्या जुळणीच्या दात्याबाबत एक खोच आहे. २००९मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की उलटलेल्या कॅन्सरच्या काही पेशींनी एचएलएचा, म्हणजे जुळणी ठरवणाऱ्या खुणांचा, न जुळणारा भागच टाकून दिलेला असतो. मग त्याच दात्याच्या लिम्फोसाइट पेशींना त्या ओळखूच येत नाहीत. तेव्हा आजार उलटल्यास तो भाग शिल्लक आहे का याची तपासणी झाली का, ते विचारावं.

वरचेवर तपासण्यांवरचा खर्चाचा आणि अंतराचा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. वाकोल्याहून खारघरला टाटाच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात जायचं तर सांताक्रूझहून हार्बर, वडाळ्याला गाडी बदलून पनवेल लाइन, आणि ट्रान्सप्लान्टनंतरच्या पहिल्या महिन्यांत रुग्णाला त्या गर्दीत घालणं बरं नव्हे. लहान मुलांसाठी बोरिवलीत महापालिकेचं ट्रान्सप्लान्ट केंद्र आहे, तेही रोज गाठण्याजोगं नाही. सगळ्या तपासण्या सगळ्यांना सारख्या अंतराने लागत नाहीत, हे इथे उपयोगी पडतं. टक्क्याचं खरं काम तेच: कोणाची मॅरो तपासणी लवकर करायची आणि कोणाचं घराजवळच्या सीबीसीवर अधूनमधून भागेल, हे डॉक्टरांनी ठरवावं. चौकशी करून पैसे वाचवायचे ते इथे, एमआरडी परस्पर टाळून नव्हे.

अगदी पहिल्या निदानाचे फ्लो सायटोमेट्री आणि गुणसूत्रांचे रिपोर्ट मात्र फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. निदान दुसऱ्या गावी झालं असेल तर ते आधी मागवून घ्या. एमआरडीत नेमक्या कोणत्या खुणेच्या पेशी शोधायच्या, हे बऱ्याचदा त्या जुन्या कागदावरूनच कळतं.