आठ आठवड्यांची प्रतीक्षा आणि दोन तासांचा अहवाल



वार्षिक अहवालात जमाखर्चाबरोबरच एका वैद्यकीय विषयाचा परिचय करून देण्याची आपल्या रुग्णालयाची प्रथा आहे. यंदा क्षयरोगाच्या निदानातील रेण्वीय तपासणीविषयी लिहीत आहोत. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. परंतु प्रयोगशाळेचा खर्च मंजूर करताना ‘यातून रुग्णाच्या पदरात काय पडते?’ हा प्रश्न आम्हांस विचारावाच लागतो. आमच्या डॉक्टरांनी व तंत्रज्ञांनी त्याचे जे उत्तर समजावून दिले, ते येथे मांडीत आहोत.

प्रतीक्षेचे मोल

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयजंतूचा शोध जाहीर केला. तेव्हापासून सूक्ष्मदर्शक हेच निदानाचे मुख्य साधन राहिले. मात्र त्याखाली जंतू दिसण्यासाठी एक मिलिलिटर थुंकीत साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. शिवाय, दिसलेला जंतू कोणत्या औषधाला दाद देईल, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी तो प्रयोगशाळेत वाढवावा लागतो; यास कल्चर म्हणतात. आतड्यातील ई. कोलाय हा जंतू अनुकूल परिस्थितीत सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो; क्षयजंतूला मात्र जवळजवळ एक दिवस लागतो. म्हणून घन माध्यमावरील कल्चरला सहा ते आठ आठवडे लागू शकतात.

नवी तपासणी उपलब्ध होण्यापूर्वीचा एक प्रसंग आम्ही विसरू शकत नाही. एका तरुण रुग्णाची थुंकी कल्चरसाठी बाहेरगावी पाठविली होती. तोवर नेहमीची औषधे चालू होती. रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याला लागू पडत नसल्याचा अहवाल हाती आला, तेव्हा त्याच्या धाकट्या बहिणीलाही खोकला सुरू झाला होता. दोघांनाही पुढे दीर्घ उपचार घ्यावे लागले. यात कोणी हयगय केली नव्हती. अहवाल येण्यास तेवढा काळ लागतच असे.

रेण्वीय तपासणी कशी चालते?

१९८३ साली कॅरी मुलिस यांनी पीसीआर ही पद्धत शोधून काढली. त्यासाठी त्यांना १९९३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या पद्धतीत जंतू वाढविण्याऐवजी त्याच्या डीएनएचा ठरावीक तुकडा वाढविला जातो. प्रत्येक फेरीत एकाचे दोन, दोनाचे चार, अशा हिशेबाने ३० फेऱ्यांत एका तुकड्याच्या १०७ कोटींहून अधिक प्रती होऊ शकतात. चक्रवाढीचा हिशेब जाणणाऱ्यांस याचे आश्चर्य वाटणार नाही.

रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या बहुसंख्य जंतूंत आरपीओबी या जनुकातील ८१ अक्षरांच्या छोट्या भागात बदल झालेला आढळतो. यंत्र नेमका तोच भाग तपासते. आपल्याकडे सीबीनॅट या नावाने परिचित असलेल्या तपासणीस जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये मान्यता दिली. तिचा निकाल सुमारे दोन तासांत मिळतो. गोव्यातील मोलबायो या कंपनीच्या ट्रूनॅट तपासणीस २०२० मध्ये मान्यता मिळाली. ते यंत्र बॅटरीवर चालत असल्याने लहान केंद्रांतही उपयोगी पडते.

संगणकाचे काम

क्षयजंतूची संपूर्ण जनुकीय संहिता १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. ती सुमारे ४४ लाख अक्षरांची आहे. आज रुग्णाच्या नमुन्यातील जंतूची संहिता लहान लहान तुकड्यांत वाचून संगणक ती प्रमाण संहितेशी ताडून पाहतो. आम्ही पावत्या खतावणीशी ताडतो तसेच हे काम. एखादा फरक एकाच तुकड्यात दिसला तर ती वाचनातील चूक असू शकते. अनेक तुकड्यांत आढळला तरच तो ग्राह्य धरतात. अशा फरकांची आणि औषधांना होणाऱ्या विरोधाची सूची जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केली व २०२३ मध्ये सुधारली.

मर्यादा

यंत्र विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. रिफाम्पिसिन लागू आहे, एवढ्यावरून बाकीची सर्व औषधे लागू आहेत असे ठरत नाही. मृत जंतूंचा डीएनएही यंत्रास सापडतो; म्हणून उपचारांची प्रगती पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक व कल्चर यांचाच आधार घ्यावा लागतो. संपूर्ण संहिता वाचण्यासाठीही बहुधा आधी कल्चर करावेच लागते. तेव्हा ‘नवे यंत्र आले, आता जुना विभाग बंद करावा’ ही सूचना काटकसरीची वाटली तरी ती रुग्णहिताची नाही, असे आमचे नम्र मत आहे.

नातेवाइकांस विनंती

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास तपासणी अवश्य करून घ्यावी. राष्ट्रीय कार्यक्रमात ती विनामूल्य होते. नमुना देताना चूळ भरावी, दीर्घ श्वास घेऊन छातीतून खोकून बेडका काढावा आणि तो मोकळ्या हवेत, इतरांपासून दूर द्यावा. नुसती लाळ दिल्यास उत्तम यंत्रही फसू शकते. अहवाल लवकर मिळाला तरी औषधांचा काळ पूर्ण करावाच लागतो.

देणगीदारांच्या साहाय्यातून रुग्णालयात यंत्रे येतात. परंतु त्यांचे खरे देणे म्हणजे एखाद्या कुटुंबाचे वाचलेले ते आठवडे होत.